तिसऱ्या घोषणेपर्यंत

६ सप्टेंबर, शनिवार

खोडायचं नाही – हा पहिला नियम. लिहिलेलं परत वाचायचं नाही, हा दुसरा. पापांची यादी करायची नाही, हा तिसरा. आणि तोच सगळ्यांत अवघड!

फादर म्हणाले, एक वही कर. रोज एक सद्गुण घे. तो आज कुठे जमला, कुठे निसटला, तेवढं चार ओळींत लिही आणि झोप. तू पापं भिंग लावून शोधतोस, म्हणाले, देवाकडेही एवढा वेळ नाही. देवाकडे वेळ नाही असं फादरांनी म्हणावं का, याचा मी घरी पोचेपर्यंत विचार करत होतो. माझं हे असं आहे.

खोडायची मला सवय नाही म्हणा. मी कबरींचे दगड कोरतो. आठवीत शाळा सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ आजवर चुकलेलं नाही. दगडावर चुकलं की दगडच बदलावा लागतो.

आजचा गुण – नम्रता. माझी शिरोरेषा वाकडी आहे असं आमच्या दगडांच्या शेडमधले मिस्त्री म्हणाले. नव्हती. मी गप्प बसलो. मनात मात्र दिवसभर पट्टी लावून दाखवत होतो. निसटला.

उद्या आईच्या लग्नाची पहिली घोषणा.

७ सप्टेंबर, रविवार

झाली. मिस्सा संपता संपता फादरांनी दोघांची नावं वाचली. आईचं, मग बेकरीवाल्या काकांचं. शेवटी ते नेहमीचं वाक्य – या दोघांच्या विवाहात काही अडथळा असल्याचं कोणाला ठाऊक असेल, तर ते कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तीन रविवार हे वाचतात. मग पुढच्या शनिवारी लग्न.

किती जणांची घोषणा मी ऐकली असेल. कधी कोणी उठलेलं नाही. तरी ते वाक्य आलं की वाटतं, जणू मलाच काहीतरी ठाऊक आहे.

आई मान खाली घालून बसली होती. मान लाल झाली होती. बाबांची बोट बुडाली तेव्हा मी आठवीत होतो. चौघांचे देह सापडले, बाबांचा नाही. तेव्हापासून आई मधल्या मध्ये – धड विधवा नाही, धड कोणाची बायको नाही. आता बिशपांच्या कार्यालयातून कागद आला आहे : मरण पावले असं मानायला हरकत नाही.

काका पलीकडच्या रांगेत होते. ते विधुर आहेत. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, तरी भुवईत पीठ राहिलेलंच. धाकटी बहीण माझ्या उजव्या कानात म्हणाली, आई भुताशी लग्न करतेय. हसू आवरलं नाही. मिस्सेत.

(यादी नाही. पुढे जातो.)

आजचा गुण – आनंद. दुसऱ्याच्या आनंदात आनंद मानणे. आई घरी येताना काहीतरी गुणगुणत होती. मी ते ऐकलं आणि मला आनंद झाला. जमला.

८ सप्टेंबर, सोमवार

लग्नाआधी बाबांचा दगड बसवायचा, हे आईचं म्हणणं. खाली देह नाही. नुसता दगड, कबरस्तानाच्या भिंतीला लागून. मिस्त्रींनी एक पांढरा दगड काढून दिला, कडेला टवका उडालेला. म्हणाले, तुझ्या बाबांना चालेल, बोटीवरच्या माणसाला काय, कडेला टवका असायचाच.

मजकूर आईनं सांगितला. नाव आणि दोन सालं. मी विचारलं, खाली "प्रेमळ पती आणि पिता" घालू का? सगळेच घालतात. मिस्त्री तर म्हणतात की आपल्या कबरस्तानात एकही खडूस माणूस पुरलेला नाही, दगड वाचून खात्री करून घ्या. आई म्हणाली, नाव आणि साल पुरे. तिला देखावा आवडत नाही.

तरी मी नावाखाली पेन्सिलीनं "प्रेमळ पिता" एवढं आखून ठेवलं. कोरून झालं की दाखवीन. हा आज्ञाभंग आहे का? असावा. पण मायेपोटी केलेला.

बाबा सहा-सहा महिने बोटीवर असत. घरी असले की शाळेत जाताना माझी कॉलर सरळ करायचे, दोन्ही हातांनी. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर दोरखंडात सापडून गेलं होतं. ते आखूड बोट माझ्या मानेला लागायचं. गुळगुळीत, गार. बाकी फारसं आठवत नाही. कॉलर आठवते.

९ सप्टेंबर, मंगळवार

गुण – संयम. सकाळी दात घासताना पाण्याचा घोट पोटात गेला. परमप्रसादाआधीचा उपास पाण्यानं मोडत नाही हे मला ठाऊक आहे. तरी तो घेताना पाण्याचा घोटच आठवत होता. फादरांकडे धावत गेलो नाही. जमला.

१० सप्टेंबर, बुधवार

दगडावर हात आहे.

नीट लिहितो. बाबांचा दगड मी शेडबाहेर, रस्त्याच्या अंगाला टेकवून ठेवला होता. दुपारी जेवून आलो. दगडावर कालच्या कामाची धूळ बसली होती आणि त्या धुळीत पंजा उमटलेला. उजवा. मधलं बोट आखूड – शेजारच्या दोन्ही बोटांपेक्षा आखूड.

पंजाखालची पेन्सिल पुसली गेली आहे. "पिता" शिल्लक आहे. "प्रेमळ" नाही. हात सहज टेकला म्हणून पुसलं जावं असं ते नाही. घासलेलं आहे.

मिस्त्री म्हणाले, एक माणूस आला होता. उंच, टोपी घातलेला. बराच वेळ उभा होता. कोणासाठी पाहिजे विचारलं तर म्हणाला, नुसता बघतोय. मिस्त्री हसत होते – नुसते दगड बघायला आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक!

मी मिस्त्रींचा उजवा हात बघायला मागितला. पाचही बोटं पूर्ण. त्यांनी हात उलटासुलटा करून दाखवला आणि विचारलं, संतमहाराज, आता भविष्यही सांगायला लागलात का?

धूळ झटकली नाही. गोणपाट टाकून ठेवलं.

गुण घेतला नाही आज.

११ सप्टेंबर, गुरुवार

गुण – विवेक. धूळ म्हणजे धूळ. बोट नीट टेकलं नसेल तर आखूड उमटेल. दुसऱ्या दगडावर धूळ पसरून मी स्वतः करून पाहिलं. दाबून, हलकं, तिरकं. आखूड उमटत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणी माळ्याच्या शिडीवरून पडलो होतो. सवय झाली आहे. पण त्यामुळे एक होतं – डाव्या बाजूला सतत कोणीतरी उभं आहे असं वाटत राहतं. आवाजच नाही, तर नाही तरी कसं म्हणायचं? मग सारखं वळून बघतो. पूर्वी तिथे कोणी नसायचं, आणि मी स्वतःला हसायचो.

आज दिवसभर वळून बघत होतो. कोणी नव्हतं. हसू आलं नाही.

घरी आई काकांनी पाठवलेला पाव कापत होती. मला शेवटचा तुकडा दिला, कडेचा, कडक; काकांनी तो मलाच द्यायला सांगितला होता. मला तोच आवडतो हे काकांना कोणी सांगितलं, विचारलं. तिनं सांगितलं नव्हतं. त्यांनी बघून ठेवलं होतं म्हणे. ते माझ्याशी बोलायला येतात तेही न चुकता उजवीकडून. त्यांना कानाचं कोणी सांगितलं, हे मी अजून विचारलेलं नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

पापनिवेदनाला गेलो. फादर ज्या जाळीमागे बसतात तिला उजवा कान लावून सगळं सांगितलं. हात, बोट, पुसलेलं अक्षर.

फादरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, गेल्या महिन्यात तू मला काय सांगितलंस आठवतं? परमप्रसादाचा कण दातात अडकून राहिला आणि तो घेऊन तू संडासला गेलास, असं. त्याआधी जपमाळेचा एक मणी गळला म्हणून पहाटे मला उठवलंस. त्याआधी बस चुकली तेव्हा ड्रायव्हर मरावा असं क्षणभर मनात आलं, आणि तो जिवंत आहे की नाही हे बघायला डेपोत गेलास. खरं की नाही?

खरं होतं. तो जिवंत होता.

"आणि आता आईच्या लग्नाच्या तोंडावर तुला बाबा दिसतायत," फादर म्हणाले. "दिसतायतही नाही. त्यांचा हात दिसतोय."

आवाज प्रेमळ होता. ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, आज्ञापालन हाही सद्गुण आहे, या आठवड्याला तोच घे. हा विषय पुन्हा जाळीपाशी आणायचा नाही. बिशपांच्या माणसांनी दोन वर्षं शोध घेतला आहे. तुझ्या धुळीपेक्षा तो मोठा.

वर्षानुवर्षं मी त्यांच्याकडे राईएवढी पापं घेऊन गेलो. आज पर्वत नेला, तर तोही त्यांना राईच वाटला. चूक त्यांची नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

दुसरी घोषणा. बंधनकारक आहे, म्हणाले फादर. आणि माझ्याकडे बघितलं. की मलाच तसं वाटलं?

बसून राहिलो. आज्ञापालन. जमला म्हणायचा का?

मिस्सेनंतर काका आम्हाला बेकरीत घेऊन गेले. भट्टी बंद होती, भिंती मात्र गरम. त्यांनी आईला एक स्टूल दाखवलं. म्हणाले, हे तुझं, कंटाळलीस की इथे बसायचं, काम करायचं नाही, नुसतं मला नावं ठेवायची. आई म्हणाली, तेवढ्यासाठी बसायची काय गरज, उभ्यानंही जमेल. आणि हसली. मोठ्यानं! धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. तिनं आईला असं हसताना कधी पाहिलेलं नाही. मी तरी कुठे पाहिलं आहे?

१६ सप्टेंबर, मंगळवार

मिस्त्री सहज म्हणाले, तुझा तो दगडवाला बसडेपोतल्या बाकावर बसलेला असतो. दोनदा पाहिला. कुठे जात नाही, कुठून येत नाही.

बघायला जाणं म्हणजे आज्ञाभंग का? फादरांनी जाळीपाशी आणायचं नाही असं सांगितलं. डेपोत जाऊ नको असं सांगितलेलं नाही. (अशी पळवाट शोधणं हेसुद्धा – नाही. यादी नाही.)

१७ सप्टेंबर, बुधवार

जसं झालं तसं लिहितो. जास्त नाही, कमी नाही.

दुपारी डेपोत गेलो. बाक रिकामा होता. बसलो. समोर बस धुणारा माणूस पाइप घेऊन काचांवर पाणी मारत होता, ते बघत होतो. थोड्या वेळानं माझ्या पुढ्यात कोणाची तरी चपला घातलेली पावलं आली. वर बघितलं. टोपी. पांढरी दाढी. दोन्ही हात कोटाच्या खिशात.

तो म्हणाला, "मघापासून हाका मारतोय. बाकाच्या या टोकाला बसलोय."

म्हणजे माझ्या डावीकडे येऊन बसला होता. मी विचारलं, काय हाक मारलीत? तो म्हणाला, काही नाही, राहू दे.

मी सवयीनं मान वळवून उजवा कान पुढे केला. लोकांना सांगतो तसं त्यालाही सांगितलं की डाव्या कानानं मला ऐकू येत नाही. तो माझ्या कानाकडे बघत राहिला. मग विचारलं, जन्मापासून? म्हटलं, नाही, लहानपणी शिडीवरून पडलो.

"शिडीवरून?"

"हो. आई सांगते."

पाइपाचं पाणी बंद झालं, एवढं आठवतं. त्याचं तोंड जरा उघडं होतं, ओझं उचलून आलेल्या माणसाचं असतं तसं. मी उठून उभा राहिलो आणि विचारलं.

"तुम्ही माझे बाबा आहात का?"

"नाही," तो म्हणाला. "मी तो नाही. तो बुडाला."

माझी कॉलर एका बाजूनं वर झाली असावी. त्याचा उजवा खांदा हलला, कोपर वर आलं. हात खिशातून निघता निघता राहिला. मग त्यानं विचारलं, तुझी आई बरी आहे ना? मी म्हटलं, तिचं लग्न आहे. त्यानं मान हलवली. ठाऊक असल्यासारखी.

बस आली. दुसऱ्या शहराची. तो चढला. पायरी उंच होती, दांडा धरायला हात बाहेर काढावाच लागला.

पाहिलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

"प्रेमळ" परत आखलं. कोरलं नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आजचा गुण – सत्य. यालाच मी सगळ्यांत जास्त घाबरत आलो आहे. म्हणून पळवाटा बंद करून लिहितो.

तो म्हणाला, मी तो नाही. माणसाचा स्वतःबद्दलचा शब्द मोठा की मुलाची नजर? मला त्याचा शब्द मोठा मानायचा आहे. इतका मानायचा आहे की त्यावरूनच कळतं, तो खोटा आहे.

बाबा जिवंत आहेत, म्हणजे आईचा नवरा जिवंत आहे. तो जिवंत असताना वेदीपुढे तिनं काकांचा हात धरला तर ते लग्न नाही. ती ते लग्न समजून जगेल. रोज. त्या स्टुलावर बसेल, हसेल. आणि ते लग्न नाही हे एकट्या मला ठाऊक असेल. तिच्याकडून दोष नाही, तिला माहीत नाही. दोष सगळा माझा.

आणि बोललो तर? घोषणा थांबेल. आई पुन्हा मधल्या मध्ये. कोणाची वाट बघायची तिनं? बसमध्ये चढून निघून गेलेल्या माणसाची?

ते का निघून गेले हेच कळत नाही. डेपोत इतके दिवस बसले होते ते कोणासाठी? हाकही मारली. काय हाक मारली ते आता मला कधीच कळणार नाही. ती डाव्या कानात गेली. नावानं मारली असेल, की घरी म्हणायचे त्या नावानं? हाक मारेपर्यंत ते माझे बाबा होते. मी मान वळवली आणि ते कोणी नव्हते. मी असं काय केलं? सगळं पुन्हा पुन्हा आठवून बघतो. मी काहीच वाईट बोललो नाही. शिडीचं सांगितलं, बस्स.

प्रार्थनेला बसलो तर डावीकडे जाणवत राहतात. वळून बघत नाही. उभे आहेत असं धरून चालतो.

ठरलं. रविवारी घोषणा झाली की उभा राहीन. फादरांनी जाळीपाशी आणायचं नाही म्हटलं आहे. सगळ्यांदेखत विचारतात तेव्हा उत्तर द्यायचं नाही, असं म्हटलेलं नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

आईला न सांगता उभं राहणं हे धैर्य नाही, मागून केलेला वार आहे. म्हणून संध्याकाळी सांगितलं.

ती लग्नाच्या कपड्यांना इस्त्री करत होती. फिकट निळे कपडे, तिनंच शिवलेले. धाकटी शेजारी गेली होती. मी हाताच्या ठशापासून सुरुवात केली. शेवटी म्हटलं, उद्या फादर विचारतील तेव्हा मला उठावं लागेल. मला क्षमा कर.

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. "तो असेल" म्हणाली नाही, "नसेल" म्हणाली नाही. तिनं एकच विचारलं.

"तुला हात लावला त्यानं?"

मी म्हटलं, नाही. कॉलरकडे आणला होता, पण लावला नाही.

बरं, म्हणाली. मग कपडा झटकला, उलटा केला आणि दुसऱ्या बाजूनं इस्त्री फिरवायला लागली. मी बराच वेळ उभा होतो. बाही दोनदा केली तिनं, तीच बाही.

आजचा गुण – धैर्य. माझ्यात असेल तर ते उद्या दिसेल.

२१ सप्टेंबर, रविवार

चर्चला जाताना आई माझ्या उजव्या बाजूनं चालत होती, नेहमीसारखी. धाकटी पुढे होती. फाटकाशी आई थांबली.

"तू शिडीवरून पडला नव्हतास," म्हणाली.

एवढंच. आणि आत गेली.

लहानपणी राहायचो त्या जुन्या घराला माळाच नव्हता. शिडी नव्हती. हात होता. मी मणी मोजतो, कण शोधतो, आणि हे मला आजवर सुचलं नाही.

तिसरी घोषणा झाली. फादरांनी विचारलं. मी डावा कान वेदीकडे करून बसलो.